थांबलेल्या गाडीची गंमत

मोटारीवरच्या विनोदाचा शंभरेक वर्षांचा पसारा नजरेखालून घातला, की पळणाऱ्या गाडीपेक्षा अडलेली गाडी कितीतरी जास्त हसवते हे ध्यानात येतं. सुसाट जाणाऱ्या गाडीकडे माणूस हरखून बघतो, हेवा करतो, कधी शिव्याही घालतो. हसू येतं ते ती चढावर धापा टाकायला लागली की, सेल्फ मारून मारून बॅटरी बसली की, इस्त्रीच्या कपड्यातले गृहस्थ मागे जाऊन धक्का मारायला लागले की. मोटार घेताना माणूस वाहनाबरोबर थोडा रुबाबही विकत घेतो. गाडी बंद पडते तेव्हा तो रुबाब भर रस्त्यात खाली उतरतो. विनोदी लेखकाला आणखी काय हवं?

यावर पहिला आक्षेप मूकपटांचा. मॅक सेनेटने १९१२ मध्ये कीस्टोन कंपनी काढली. तिचे ते वेंधळे पोलिस एकाच गाडीत कोंबून बसलेले, वळणावर सांडणारे, रुळांवरून निसटणारे. तो सगळा विनोद वेगाचाच होता, असं कोणी म्हणेल. पण तो वेग बराचसा कॅमेऱ्याच्या हँडलचा होता. चित्रण करताना हँडल हळू फिरवायचं आणि दाखवताना फिल्म नेहमीच्या गतीने पळवायची, की बेताने चाललेल्या गाड्या उधळल्यासारख्या दिसतात. शिवाय त्या वेगावर गाडीतल्या कुणाचाच ताबा नसतो. चालवणाऱ्याचा ताबा सुटलेला असेल तरच वेगाला हसू येतं, हा नियम पुढे ‘इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड’ (१९६३) पर्यंत आणि आपल्याकडे रोहित शेट्टीच्या हवेत कोलांट्या घेणाऱ्या गाड्यांपर्यंत लागू पडतो. शेट्टींच्या गाड्यांना मी मात्र विनोदात धरत नाही. त्या पहिल्यांदा उडाल्या तेव्हा गंमत वाटली. आता त्या कधी उडणार ते आधीच कळतं.

मोटारीच्या विनोदाचं खरं बारसं केलं लॉरेल आणि हार्डीने. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली आणि १९२७ मध्ये बंद होईपर्यंत तिच्या सुमारे दीड कोटी गाड्या निघाल्या. अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या आणि कारकुनाच्या दारात गाडी उभी राहिली. तिच्यावरच्या चुटक्यांची पुस्तकं निघत, आणि फुकटची जाहिरात म्हणून हेन्री फोर्डला त्यांचं वाईट वाटत नसे असं सांगतात. ज्यांच्या घरी ही गाडी होती त्याच लोकांसाठी लॉरेल-हार्डीचे वीस-वीस मिनिटांचे चित्रपट होते. ‘परफेक्ट डे’ (१९२९) मध्ये दोन कुटुंबं रविवारी सहलीला निघतात. सोबत पायाला भलंमोठं बँडेज बांधलेले काका. डबे भरलेत, सगळे गाडीत बसलेत, शेजारीपाजारी हात हलवून निरोप देताहेत, आणि गाडी हलत नाही. टायर, जॅक, क्लच, काकांचा पाय, सगळ्यांचं व्हायचं ते होतं. शेजाऱ्यांना पुन्हा निरोप द्यावा लागतो, मग पुन्हा. अखेर गाडी निघते आणि कोपऱ्यावरच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात सगळ्यांसकट बुडते. चित्रपट संपतो तेव्हा मंडळी घरापासून हाकेच्या अंतरावर असतात.

त्याच्या आदल्या वर्षीचा ‘टू टार्स’ मला त्याहून थोर वाटतो. रजेवर आलेले दोन खलाशी भाड्याची गाडी घेऊन दोन मैत्रिणींसह फिरायला निघतात आणि वाहनांच्या रांगेत अडकतात. कुणाचा तरी कुणाला धक्का लागतो. ज्याला लागला तो उतरतो, समोरच्याचा दिवा शांतपणे उपटतो. समोरचा ते शांतपणे बघतो आणि मग याचं मडगार्ड उपटतो. कोणी आरडाओरडा करत नाही, घाई करत नाही. प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत थांबतो, जणू मोडतोड हाही शिष्टाचाराचा भाग आहे. हळूहळू सगळी रांग त्यात ओढली जाते. वाहतूक कोंडी हा शब्द रोजच्या बोलण्यात येण्याच्या कितीतरी आधी कोंडीतल्या माणसाच्या डोक्यात काय चालतं ते या मूकपटाने दाखवून ठेवलं.

ब्रिटिशांनी ही परंपरा एका माणसाच्या चिडण्यापर्यंत आणून नेमकी केली. ‘फॉल्टी टॉवर्स’ (१९७५) मधला बेझिल बंद पडलेल्या ऑस्टिनला आधी बजावतो, मग तीन आकडे मोजतो आणि मग झाडाची फांदी आणून तिला झोडपतो. मिस्टर बीनच्या मिनीला वेगळी ओळख द्यायला नको. आपल्याकडच्या लहान मुलांनाही ते कुलूप लावलेलं दार आणि छपरावर आरामखुर्ची बांधून दोऱ्यांनी केलेलं सारथ्य पाठ आहे.

फ्रान्सच्या जाक तातीने मात्र या विषयाचा स्वभावच बदलला. ‘ट्राफिक’ (१९७१) मध्ये मिस्टर युलो हा गाड्यांचा रचनाकार आपली नवी कॅम्पिंगची गाडी पॅरिसहून ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात न्यायला निघतो. गाडीत सोयी अशा, की पुढची जाळी काढली की मांस भाजायची शेगडी होते आणि स्टिअरिंगमधून दाढीचं यंत्र निघतं. वाटेत पंक्चर, पेट्रोल, जकात, अपघात. प्रदर्शन संपतं तरी गाडी पोचत नाही. पण तातीचं लक्ष गाडीकडे कमी आणि काचेआडच्या माणसांकडे जास्त आहे. सिग्नलला थांबलेले चालक एकामागोमाग एक नाकात बोट घालताना दिसतात. आपण काचेच्या पेटीत बसलोय आणि जग आपल्याला बघतंय हे कुणाच्या गावीच नाही. वायपरसुद्धा आतल्या माणसाच्या वयाप्रमाणे आणि वृत्तीप्रमाणे हलतात. तातीच्या चित्रपटांत मोठ्याने हसावं असं फारसं काही घडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सिग्नलला उभं राहिल्यावर मात्र शेजारच्या गाडीत डोकावल्यावाचून राहवत नाही. त्याच्या चार वर्षं आधी गोदारने ‘वीकेंड’ मध्ये गाड्यांच्या रांगेवरून जवळजवळ आठ मिनिटं कॅमेरा सरकवत नेला. हॉर्नचा कल्लोळ, चेंडू खेळणारी पोरं, पत्ते कुटणारी माणसं, आणि रांगेच्या तोंडाशी रस्त्यावर पडलेली प्रेतं. इतका वेळ हसणारा प्रेक्षक तिथे गप्प होतो, आणि गोदारला तेच करायचं होतं.

आतापर्यंतचा विनोद झाला गाडी असलेल्यांचा. ज्यांना ती मिळतच नाही त्यांचा विनोद निराळा. पूर्व जर्मनीतली ट्राबांट १९५७ पासून १९९१ पर्यंत फारशी न बदलता निघत राहिली. दोन स्ट्रोकचं धूर ओकणारं इंजिन, कापसाचा टाकाऊ धागा आणि राळ मिळून बनवलेलं अंग, आणि नोंदणी केल्यावर दहा-बारा वर्षांची वाट. तिच्यावर चुटके निघाले नसते तरच नवल. ट्राबांटची किंमत दुप्पट कशी करायची? टाकी भरून. मागच्या काचेला हीटर कशाला? धक्का मारताना हात गारठू नयेत म्हणून. रशियातला चुटका याहून वरच्या दर्जाचा. गाडीचे पैसे भरणाऱ्याला सांगतात, दहा वर्षांनी या तारखेला या. तो विचारतो, सकाळी की दुपारी? दहा वर्षांनंतरचं आहे, काय फरक पडतो? तो म्हणतो, सकाळी नळवाला यायचाय. हा चुटका रोनाल्ड रेगन भाषणांतून चवीने सांगत. त्यात गाडीबद्दल एक अक्षर नाही. गाडी न मिळण्याबद्दल सगळं आहे.

अशा चुटक्यांचं आयुष्य गाडीच्या दर्जावर अवलंबून असतं. ब्रिटनमध्ये स्कोडाची अशीच टर उडवत. १९९१ मध्ये फोक्सवॅगन त्या कंपनीत आली, गाड्या सुधारल्या, आणि २००० साली जाहिरातीच कंपनीने त्या टवाळीवर बेतल्या: समोरची चांगली गाडी स्कोडा आहे यावर लोकांचा विश्वासच बसत नाही. टवाळीची हवा गेली. आपल्या नॅनोचं उलट झालं. जानेवारी २००८ मध्ये एक लाखाची गाडी म्हणून तिचं जगभर कौतुक झालं, पण स्कूटरवर चौघांना बसवून जाणाऱ्या कुटुंबासाठी काढलेली ही गाडी ‘सर्वांत स्वस्त’ या बिरुदाने मारली. स्वस्त गाडी घेतली म्हणून शेजाऱ्यांनी हसावं, हे इथल्या मध्यमवर्गाला मोडकी गाडी घेतली म्हणून हसण्याहून जड जातं. पुढे रतन टाटांनीही ती प्रतिमा नडल्याचं बोलून दाखवलं. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. ट्राबांटला टवाळीतून जिव्हाळा लाभला, नॅनोला नुसतीच टवाळी लाभली. पूर्व जर्मनीत सगळेच ट्राबांटमध्ये होते, इथे शेजारी मोठी गाडी घेऊन उभा होता.

वाट बघणं आपल्यालाही नवं नव्हतं. परवान्यांच्या काळात फियाट किंवा बजाज स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षं बसलेली पिढी अजून हयात आहे. गाडीत हॉर्न सोडून सगळं वाजतं, हा त्या काळातला घरोघरचा विनोद. पण आपल्या पडद्यावरचा मोटारीचा विनोद त्याआधीच, १९५८ मध्ये, शिखरावर पोचला होता. ‘चलती का नाम गाडी’ मध्ये गांगुली बंधू गॅरेजवाले, आणि पावसाळी रात्री गाडी बंद पडली म्हणून मधुबाला दारात उभी. गाडी बिघडली नसती तर कथाच घडली नसती. भावांची स्वतःची गाडी म्हणजे अर्वाचीन रस्त्यावर चुकून आलेली पुराणवस्तू, आणि तिच्याबद्दल त्यांना जराही लाज नाही. त्याच वर्षी बंगालीत ऋत्विक घटकांचा ‘अजांत्रिक’ आला. तिथे टॅक्सीवाला बिमल आपल्या जुनाट शेव्हरोलेशी बोलतो, तिला पाणी पाजतो, तिच्यावर रुसतो. लोक त्याला वेडा म्हणून हसतात, प्रेक्षकही आधी हसतो, आणि गाडी भंगारात जाते तेव्हा आपण कशाला हसत होतो असं त्याला वाटतं. मुंबईत आणि कलकत्त्यात एकाच वर्षी खटाऱ्यावर दोन चित्रपट निघाले; एकाने त्याची धमाल केली, दुसऱ्याने त्याची शोकांतिका.

नंतरच्या हिंदी विनोदात दोन प्रसंग मी जपून ठेवले आहेत. बासू चॅटर्जींच्या ‘छोटी सी बात’ मध्ये स्कूटरवाला असरानी बसस्टॉपवरच्या मुलीला लिफ्ट देतो, म्हणून बुजरा अमोल पालेकर एका गॅरेजवाल्याकडून जुनी मोटारसायकल घेतो. ती चालत नाही. परत करायला जातो तेव्हा ज्या तोंडाने विकताना तिचे गोडवे गायले त्याच तोंडाने गॅरेजवाला तिचे दोष मोजून दाखवतो. जुनं वाहन घेतलेल्या कुणालाही तो संवाद नवा वाटायचा नाही. दुसरा ‘जाने भी दो यारो’ (१९८३) मधला. झिंगलेल्या आहुजाला, म्हणजे ओम पुरीला, रस्त्यात शवपेटी दिसते. ती त्याला बंद पडलेली स्पोर्ट्स कार वाटते, आतला मृत डिमेलो तिचा मालक. तो अगत्याने मदत देऊ करतो, समोरचा काही बोलत नाही म्हणून चिडतो आणि शेवटी गाडी ओढून न्यायची व्यवस्था करतो. मोटारीशिवाय केलेला मोटारीचा इतका अस्सल विनोद दुसरा नसेल. रस्त्यात अडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाचा आगाऊपणा आणि मनाचा मोठेपणा, दोन्ही त्यात आहे.

यानंतर करमणुकीच्या धंद्याने मोटारीची आवड हाच विनोदाचा माल केला. बीबीसीचा ‘टॉप गिअर’ १९७७ मध्ये साध्या माहितीपर कार्यक्रमासारखा सुरू झाला आणि २००२ मध्ये त्याचं नवं रूप आलं. जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि थोड्याच काळात त्यांना येऊन मिळालेला जेम्स मे, ही मोठी न झालेल्या मुलांची टोळी. कोट्यवधींच्या गाड्या वळणावर धूर काढत घुमवणं हा कार्यक्रमाचा देखावा होता, पण लक्षात राहिला तो भंगाराचा भाग. थोड्या पैशांत जुनी गाडी घेऊन खंड ओलांडायचा. टोयोटाचा जुना ट्रक समुद्रात सोडायचा, जाळायचा, पाडायच्या इमारतीवर ठेवून इमारत पाडायची, आणि तो पुन्हा सुरू होतो का बघायचं. तीन चाकी रिलायंट रॉबिन वळणावर पडते, हा त्यांचा गाजलेला भाग. पुढे क्लार्कसननेच लिहून टाकलं की ती सहज पडावी म्हणून तिच्यात फेरफार केले होते. मला त्या कबुलीचं वाईट वाटलं नाही. चुटक्याला पुरावा लागत नाही. वाईट वाटतं ते त्यांचा विनोद गाडी सोडून माणसांकडे वळतो तेव्हा. २०११ च्या भारत विशेष भागात जॅग्वारच्या डिकीवर संडास बसवून ही मंडळी मुंबईपासून निघाली. लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाने तक्रार केली. आपण दुखावलो म्हणून नव्हे, पण तो विनोद आळशीच होता. मुंबईच्या रस्त्यावर तीन विलायती गाड्या सोडल्यावर हसण्यासारखं इतकं काही आपोआप घडतं, की संडासाची गरजच नव्हती.

वेगावरच्या विनोदाचं बिलही याच कार्यक्रमाने भरलं. २००६ मध्ये जेट इंजिनाच्या गाडीत हॅमंड मरता मरता वाचला. डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचा सूत्रसंचालक अँड्र्यू फ्लिंटॉफ, २००२ साली वानखेडेवर शर्ट काढून फिरवणारा तोच क्रिकेटपटू, चित्रीकरणात उघड्या तीन चाकी गाडीच्या अपघातात गंभीर जखमी झाला आणि पुढच्या वर्षी बीबीसीने कार्यक्रम बेमुदत थांबवला. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. मरणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष असतात, तरीही व्हॉट्सॲपवरचे गाडीचे चुटके मात्र बायकांना ब्रेक आणि क्लचमधला फरक कळत नाही यावरच. इतका शिळा आणि इतका खोटा माल दुसऱ्या कुठल्या विषयात खपत नसेल.

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिकेतला ‘कार टॉक’. टॉम आणि रे मॅग्लिओझी, एमआयटीत शिकून गॅरेज चालवलेले दोघे भाऊ, १९७७ पासून बोस्टनच्या रेडिओवर आणि १९८७ ते २०१२ देशभर लोकांच्या गाड्यांची दुखणी ऐकत. रेडिओ असल्याने गाडी दिसायची सोय नाही. फोन करणाऱ्याला आवाज तोंडाने काढून दाखवावा लागे: घुर्र, टक-टक, शेवटी फुस्स. भलीमोठी प्राध्यापक माणसं राष्ट्रीय वाहिनीवर तोंडाने सायलेन्सर वाजवत. भाऊ खो-खो हसत, भलतंच निदान करत, मग खरं निदान सांगत, आणि बहुतेकदा गाडीपेक्षा नवरा-बायकोतलं भांडण जास्त बिघडलेलं आहे असं निघे. मराठीत कुठल्या वाहिनीने हे केलं तर मी रोज ऐकेन. आपल्याकडचे गॅरेजवाले बोलायला त्या भावांना हार जाणारे नाहीत.

मराठी विनोदात मोटार नाही असं नाही, पण तिचा मान एसटीने घेतला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’ मध्ये कोकणातल्या रस्त्यावर गाडीखाली म्हैस येते आणि एसटी थांबते. थांबते म्हणून तर उतारूंची तोंडं उघडतात, गाव गोळा होतं, म्हशीच्या किमतीपासून पुढारीपणापर्यंत सगळं बाहेर पडतं. ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) मध्ये मुंबई ते गणपतीपुळे हा सगळा प्रवास एसटीतलाच, कंडक्टर अशोक सराफ. कारण उघड आहे. आपल्याकडे दीर्घकाळ प्रवास म्हणजे परक्या माणसांशी गुडघे घासत बसणं होतं, आणि विनोदाला माणसं लागतात. चौघांच्या गाडीत काचा वर करून बसलेलं कुटुंब लेखकाला सहजी सापडत नाही.

लेखकांनी सोडलेली ही जागा लोकांनी मात्र रस्त्यावरच भरून काढली. पुण्यात गेटसमोर गाडी लावणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पाट्या हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. हवा सोडण्याची धमकी त्यातला सौम्य भाग. जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीच्या निषेधार्थ पुणेकरांनी हेल्मेटची अंत्ययात्रा काढली, आणि असं काही दुसऱ्या शहराला सुचलं नसतं याचा त्यांना अभिमानही आहे. नंबरप्लेटवर इंग्रजी आकडे जरासे वळवून ८०५५ चा ‘बॉस’, २१४ चा ‘राम’, ४९१२ चा ‘पवार’ करायची कला महाराष्ट्राने वर्षानुवर्षं जोपासली. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एकाच छापाच्या सुरक्षा पाट्या आल्या आणि आता जुन्या गाड्यांवरही त्या चढताहेत. ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ ला राज्याने २०१५ मध्येच बंदी घातली. आणि खड्डे. २०१७ मध्ये मुंबईत आरजे मलिष्काने तेव्हा गाजत असलेल्या ‘सोनू’ गाण्याच्या चालीवर महापालिकेची खड्ड्यांवरून फिरकी घेतली. पुढे तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस निघाली आणि गाण्यापेक्षा नोटीसच जास्त गाजली. आर. के. लक्ष्मण यांनी खड्ड्यांवर व्यंगचित्रं काढत आयुष्य घालवलं. खड्डे बुजले असते तर त्यांचा निम्मा माल गेला असता.

आता कंपन्यांनी विनोदही आपल्या हातात घेतलाय. टेस्लाने गाडीतून पादण्याचे आवाज काढायची सोय दिली आणि बाहेरच्या लोकांना ते ऐकवता येतील अशीही व्यवस्था केली. २०२२ मध्ये अमेरिकेत या सुविधेपायी पावणेसहा लाखांवर गाड्यांत बदल करावा लागला, कारण पादचाऱ्यांना द्यायचा इशाऱ्याचा आवाज त्यात बुडत होता. एका सरकारी खात्याने गंभीर चेहऱ्याने या विषयावर कागद काढले, हा त्यातला खरा विनोद. बाकी विजेच्या गाड्या फार बिघडत नाहीत, धूर सोडत नाहीत, धक्का मागत नाहीत.

मराठी लेखकाला मात्र कच्चा माल कमी पडायचा नाही, कारण आता गाडी रस्त्यात नव्हे, दारातच अडते. पन्नास घरं, तीस जागा, सत्तर गाड्या, दोन आमसभा, एक उपसमिती, खडूने आखलेल्या रेघा, आणि भाचीच्या लग्नाला आलेल्या जावईबापूंची गाडी नेमकी सेक्रेटरींच्या जागेत. धुऊन पुसून, प्लॅस्टिकच्या कव्हरात, दसऱ्याचा वाळका हार अजून बॉनेटवर घेऊन ती उभी असते, आणि बाहेर काढली तर परत आल्यावर जागा मिळायची नाही म्हणून मालक सहकुटुंब रिक्षा बघत फाटकाशी उभे असतात.